बटरबीननं तोंड उघडलं नव्हतं

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांच्यातलं कुणीतरी म्हणेलच, की सुरुवात कुणी केली ते विचारा ह्या शहाण्याला. केली, मीच केली. बावीस सेकंदांत केली.

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. हरणांचा हंगाम संपून आठवडा झालेला, सशांचा अजून चालू. रेन्फ्रोच्या जमिनीवर मिस्टर ओझेल टॉलिव्हर यांची सहा बीगल कुत्री एका सशामागं गळा काढून निघाली होती आणि मी पाइनच्या रांगेच्या टोकाला मोबाइल धरून उभा होतो. ससा कधी पुढून सटकला ते मोबाइलला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की पिवळ्या गवतातून दोन हरणं उठली, पांढऱ्या शेपट्या उडवत पळाली, आणि त्याच गवतातून त्यांच्या पाठोपाठ सहाही कुत्री बोंबलत बाहेर पडली. पुढच्या क्षणाला हरणं सरळ ओढ्याकडं गेली आणि कुत्री डावीकडं वळली, सशाच्या वाटेनं. ज्याला कुत्र्यांतलं काही कळतं त्यानं तोंडात बोट घालावं अशी ही गोष्ट. हरणाचा ताजा वास जमिनीवरून वाफेसारखा वर येत असताना सहाच्या सहा कुत्र्यांनी तो ओलांडला आणि आपला ससा सोडला नाही.

ते डावीकडचं वळण मी कापलं. उरलेल्या बावीस सेकंदांवर लिहिलं, "ससे संपले. म्हातारा आता हरणांवर उतरला!" आणि गावाच्या फेसबुक पानावर टाकून दिलं.

मला वाटलं, फिटंफाट झाली. मिस्टर ओझेल मला 'प्रोफेसर' म्हणतात. मी कॉलेजात दोन वर्षं काढली आणि आता गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, म्हणून प्रोफेसर. "प्रोफेसर, ते बॅटरीचं वजन पुस्तकात बघून सांगतोस का उचलून?" असं भर दुकानात विचारतात. माझे वडील त्यांच्याबरोबर ससे मारायचे. वडील गेल्यावर त्यांची थट्टा मला वारशात मिळाली. तेव्हा मीही एकदा करून घेतली. त्यांची कुत्री हरणांमागं लागतात म्हणणं म्हणजे आमच्या चर्चचे पास्टर वर्गणीच्या ताटातले पैसे उचलतात म्हणण्यासारखं आहे. ऐकणाऱ्याला हसूच यावं.

पण पान फक्त हसणाऱ्यांचं नसतं.

सोमवारी संध्याकाळी मी मिस्टर ओझेल यांच्या अंगणात कुत्र्यांची भांडी धूत होतो, तेव्हा फाटकाशी एक पांढरी पिकअप येऊन थांबली. वेड स्टॅलिंग्ज. हरणवाल्यांच्या शिकारी क्लबचा दोन वर्षांपासूनचा अध्यक्ष. इंजिन बंद न करता, खिडकीवर कोपर टेकवून तो म्हणाला, "ओझेल, इकडं ये जरा."

मिस्टर ओझेल एकोणऐंशी वर्षांचे आहेत. वेड पन्नाशीचा असेल. आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा त्यांच्या नावाआधी 'मिस्टर' लावतं, आणि हा माणूस आपल्या कुत्र्याला हाक मारावी तसं बोलावतो. आणि ते गेले! टोपी सारखी करून गेले, हे मला जास्त लागलं.

"काय म्हणता, मिस्टर वेड?"

"तुझी कुत्री आमची हरणं पळवतात."

"नाही पळवत."

"अख्ख्या काउंटीनं बघितलंय. तुझ्याच माणसानं टाकलंय." माझ्याकडं हनुवटी. "हा ना तो?"

"मी थट्टा केली होती," मी म्हणालो. "पुढचा भाग कापला होता. माझ्याकडं आहे पूर्ण. दाखवू?"

"मी पाहायचं ते पाहिलं." त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ओझेल, आजपासून रेन्फ्रोवर कुत्री सोडायची नाहीत. माझी माणसं आत असतात. उद्या कुणी गोळी घातली तर माझ्याकडं रडत येऊ नकोस."

कुत्र्यांवर गोळी. हे तो असं म्हणाला, जसं कुणी म्हणावं की उद्या पाऊस येईल.

आता रेन्फ्रोची जमीन म्हणजे काय ते सांगायला हवं. मिस्टर ओझेल त्या जमिनीवर जन्मले. त्यांचे वडील तिथं वाट्यानं कापूस करायचे. पिकातला अर्धा मालकाचा, आणि उरलेला अर्धाही दुकानदाराचा. घर कधीच पडलं, विटांची चिमणी तेवढी उभी आहे आणि तिच्याभोवती रानप्लमची दाट जाळी. त्या जाळीत दर वर्षी ससा असतोच. मिस्टर ओझेल त्याला 'घरचा ससा' म्हणतात आणि त्याच्यावर बंदूक उचलू देत नाहीत. कुत्र्यांनी एक फेरी पळवायचा, मग सोडून द्यायचा.

चौतीस वर्षं त्यांनी लाकडाच्या गिरणीत करवतीशेजारी काढली. उजवा कान तिथंच ठेवून आले. म्हणून रानात ते नेहमी तिरके उभे राहतात, डावा कान कुत्र्यांकडं करून. बघत काहीच नाहीत. डोळे मिटून सांगतात, "सिस्टरनं वळवला. डीकन मागून येतोय. ही पोरगी कुठं राहिली? हां, आली." सिस्टर म्हणजे त्यांची अकरा वर्षांची म्हातारी कुत्री, पहिला वास नेहमी तिलाच लागतो. डीकन म्हणजे ढोल्या आवाजाचा काळा-तांबडा. आणि पोरगी म्हणजे बटरबीन, ह्या हंगामात पहिल्यांदा रानात आलेली, दहा महिन्यांची, कान जमिनीला लागणारी. वासावर कुत्रं पहिला आवाज काढतं त्याला आम्ही 'तोंड उघडणं' म्हणतो. तोंड कशावर उघडलं, त्यावर कुत्र्याची आणि मालकाची किंमत ठरते. सशावर उघडलं तर ठीक. हरणावर उघडलं तर ते कुत्रं कचरा. शब्दच तो आहे, कचरा. आणि तो शब्द मी ह्या माणसाच्या दारात नेऊन टाकला होता.

म्हाताऱ्या मिस रेन्फ्रो बाईंनी (आमच्याकडं लग्न झालेल्या बाईलाही 'मिस'च म्हणतात) मरण्याच्या आदल्या वर्षी आपल्या ओसरीवर उभं राहून सांगितलं होतं, "ओझेल, हरणांचा हंगाम संपला की तू तुझे ससे पळवत जा. मी असेपर्यंत, आणि नंतरही." आणि फाटकाची एक किल्ली काढून दिली. ती किल्ली बुटाच्या नाडीत ओवून मिस्टर ओझेल यांच्या खिशात पंचवीस वर्षं होती. कागद नाही. बाईंची मुलं अटलांटात, त्यांनी जमीन क्लबला भाड्यानं दिली. आधीच्या अध्यक्षानं बाईंचा शब्द पाळला. मग वेड आला.

आणि त्या जमिनीवरचे ससे कुणाच्या पोटात जातात? मिस्टर ओझेल यांच्या नाही, त्यांना डॉक्टरनं तळलेलं सोडायला लावलंय. ससे जातात तीन घरी. सोलून, मिठाच्या पाण्यात घालून, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांतून. त्यांतलं एक घर मिस ओडेसाचं. वय एक्क्याण्णव. ती ससा कांद्यात शिजवून, घट्ट रस्सा करून भातावर घेते, हाडं चोखते आणि डबा धुऊन परत पाठवते. दुकानातलं कोंबडं तिला चालत नाही. म्हणते, "त्याला पळायची सवय नव्हती, चव कुठून येणार?"

तर हे सगळं त्या फाटकाच्या आत होतं आणि वेड स्टॅलिंग्ज इंजिन चालू ठेवून ते बंद करत होता.

मिस्टर ओझेल यांनी खिशातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, "मिस्टर वेड, तुम्ही या. तुमची माणसं आणा. तुम्ही म्हणाल त्या जागी मी कुत्री सोडतो. एकानं जरी हरणावर तोंड उघडलं, तर ही किल्ली मी माझ्या हातानं तुम्हाला देईन."

"सगळी कुत्री सोडायची. त्या व्हिडिओत होती ती सहाही. ते पिल्लूसुद्धा."

"सहाही."

"आणि जागा मी सांगणार."

"तुम्ही सांगाल ती."

गाडी गेल्यावर मी म्हणालो, "मिस्टर ओझेल, पोरीला नका आणू. ताप आला म्हणा."

"ताप आलाय का तिला?"

"नाही, पण..."

"मग?" ते भांडी उचलायला लागले. "आणि तू माझ्यावर काय ते लिहिलंस, तेवढं वाचून दाखव. बायको म्हणाली, हसायला येईल."

मी वाचून दाखवलं. ते हसले. खरंच हसले, हे मला आजही खातं.

शनिवारी आठची वेळ ठरली होती. आम्ही साडेसातलाच पोचलो. जागा कोणती, तर क्लबनं हरणांसाठी मक्याची पिंपं टांगलीत आणि ओट्स पेरलेत, त्या तुकड्याच्या कडेला. अख्ख्या जमिनीत हरणांची दाटी तिथंच. म्हणजे एखाद्याचं पोर चोरी करतं का ते बघायला त्याला मिठाईच्या दुकानात कोंडण्यातला प्रकार. मी तसं म्हणालो. मिस्टर ओझेल म्हणाले, "चांगली जागा आहे. ओल आहे. वास धरेल."

आठ वाजले, साडेआठ वाजले. पिकअपवरच्या पेटीत कुत्री कुंई कुंई करायला लागली. मी घरून काही न खाता निघालो होतो. मिस्टर ओझेल पिकअपच्या मागच्या फळीवर दोन सार्डिनचे डबे आणि खारी बिस्किटं ठेवतात, नेहमीच. एक डबा आधीचा, तो कुत्री सोडण्याआधी वाटून खायचा. एक नंतरचा, तो सगळी कुत्री पेटीत परत आली, मोजून झाली, की मगच उघडायचा. आधीचा आम्ही खाल्ला. मग ते ओढ्याकडं ओल बघायला गेले आणि माझ्या हातून नंतरचाही उघडला गेला. परत आले तेव्हा मी तेल पुसत होतो.

"तो नंतरचा होता, प्रोफेसर."

"उद्या आणून देतो."

"कॉलेजात आधी आणि नंतर शिकवत नाहीत वाटतं."

साडेनऊला ते आले. वेड, त्याचा मेहुणा क्ले, आणि तिसरा एक, जो शेवटपर्यंत काही बोलला नाही. माफी नाही, काही नाही. वेडनं थर्मासमधून कॉफी ओतून घेतली. आम्हाला विचारलं नाही. "चल, ओझेल. दाखव तुझी सर्कस."

मिस्टर ओझेल यांनी पेटीचं दार उघडलं. बंदूक त्यांनी आणलीच नव्हती. सहाही कुत्री काटेरी जाळ्यांत शिरली. नुसत्या शेपट्या हलताना दिसत होत्या, पांढऱ्या टोकांच्या. पाच मिनिटं काही नाही. मग सिस्टरनं तोंड उघडलं. म्हातारीचा आवाज आता फाटका झालाय, पण तिनं एकदा सांगितलं की बाकीच्यांना दुसरा विचार सुचत नाही. डीकननं खालून धरलं, मग सगळ्यांनी. ससा उठला होता.

"जागा सोडू नकोस," मिस्टर ओझेल मला म्हणाले. दर वेळी म्हणतात, कारण दर वेळी मी सोडतो. "ससा उठला तिथंच फिरून येतो. आपण फक्त उभं राहायचं." ते डोळे मिटून, डावा कान पुढं करून उभे होते.

आवाज लांब गेला, बारीक झाला, मग उजवीकडून वळून मोठा व्हायला लागला. आणि तेवढ्यात ओट्समधून चार हरणं निघाली. घाई नाही, काही नाही, दुडक्या चालीनं, आमच्या आणि कुत्र्यांच्या मधून, पंधरा पावलांवरून आडवी गेली. दहा सेकंदांनी कुत्री त्याच जागेवर आली. सिस्टर गेली, खाली नाक, हरणाच्या वाटेवरून आरपार. डीकन गेला. मागची तिन्ही गेली. सगळ्यांत शेवटी बटरबीन.

बटरबीन थांबली.

तिनं नाक वर केलं. मागच्या शनिवारी हरणं दोनच होती; चार हरणांचा एवढा मोठा, एवढा ताजा वास पहिल्यांदाच तिच्या डोक्यात शिरला असेल. ती उजवीकडं वळली. एक पाऊल. दुसरं पाऊल. मिस्टर ओझेल यांचे डोळे उघडे होते. आवाजातून तिचा आवाज गळाला हे त्यांना कानानं कळलं होतं. त्यांनी हाक मारली नाही, शीळ घातली नाही. पुढून सिस्टर ओरडली. पोरीनं मान झटकली, आणि कान तुडवत, अडखळत, आपल्या माणसांमागं पळाली. तोंड तिनं उघडलं नव्हतं. हूं की चूं नाही. सशाच्या वाटेवर परत आली तेव्हाच तिचा तो चिरका आवाज पुन्हा सुरू झाला.

वेड तेव्हा कॉफीत साखरेची पुडी रिकामी करत होता. क्ले हरणं मोजत होता.

ससा फिरून आला, सिस्टरनं उठवला होता तिथंच, आमच्या बुटांपासून हातभर अंतरावरून निघून गेला. मिस्टर ओझेल यांनी कुत्री आवरली, मोजली, पेटीत घातली. सहा.

वेडनं कप झटकला. "बरी आहेत की, ओझेल," तो म्हणाला. म्हणजे त्याला म्हणावंच लागलं. "चार हरणं नाकासमोरून गेली, एकानं ढुंकून पाहिलं नाही."

इथं गप्प बसायचं होतं. एवढंच करायचं होतं. किल्ली खिशात होती, जमीन हातात होती, मिस ओडेसाचा डबा भरणार होता.

पण आमच्या ससेवाल्यांत एक रीत आहे. आपल्या कुत्र्याचा दोष आपण सांगायचा, आणि दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी सांगायचा. मग समोरच्यानं त्या कुत्र्याची बाजू घ्यायची. "माझा डीकन आज दोनदा उलटा पळाला." "अरे, वाराच तसा होता, त्याची काय चूक!" हे असं दर शनिवारी पिकअपच्या फळीवर चालतं, जसं चर्चमध्ये पास्टर एक ओळ म्हणतात आणि पुढची आपण म्हणायची. जो आपल्या कुत्र्याचा दोष लपवतो, त्यानं केलेल्या कौतुकालाही कुणी विचारत नाही.

मिस्टर ओझेल म्हणाले, "पोरगी दोन पावलं गेली, मिस्टर वेड. हरणाच्या वासावर. मी बघितलं."

आणि थांबले. समोरच्या ओळीसाठी थांबले. माझे वडील असते तर म्हणाले असते, "दहा महिन्यांचं लेकरू, आणि दोन पावलांत परत? ओझेल, हिला मला दे!" कुणीही म्हणालं असतं. ओळ ठरलेली आहे.

वेडनं कप खाली ठेवला. "म्हणजे गेली."

"दोन पावलं."

"पण गेली. तू स्वतः सांगतोयस."

"तोंड नाही उघडलं तिनं!" मी मध्ये पडलो. "बोली तोंड उघडण्याची होती! तुमच्याच समोर झालेली!"

"मुला, मी ह्याच्याशी बोलतोय." मी सव्वीस वर्षांचा आहे. "ओझेल, तूच म्हणालास, पोरगी हरणावर गेली. क्ले, तू ऐकलंस ना?"

क्ले बुटाकडं बघत म्हणाला, "ऐकलं."

"मी जे म्हणालो ते तुम्हाला कळलं नाही, मिस्टर वेड," मिस्टर ओझेल म्हणाले.

"मला सगळं कळलं."

त्यांनी खिशातून नाडी ओढली, गाठ सोडायला लागले. बोटं वाकडी झालीत त्यांची, गाठ पंचवीस वर्षांची. वेड हात पुढं करून उभा, आणि तेवढा वेळ त्याला उभं राहावं लागलं, ही त्या दिवसातली माझी एकमेव कमाई. नाडी त्यांनी परत खिशात ठेवली. किल्ली दिली.

गाडीत मी ओरडलो. त्यांच्यावर ओरडलो, हो. "त्यानं पाहिलंच नव्हतं! तो साखर ढवळत होता!"

"मी पाहिलं होतं ना."

"पण बोलायचं कशाला?"

"कुत्री कुणाची?"

"तुमची."

"मग सांगायचं कुणी?"

त्या दिवशी हरणावर तोंड उघडलं ते एकट्या मिस्टर ओझेल यांनी. आणि त्याआधी मी.

घरी मिस लुरीन, त्यांच्या बायको, दारातच उभ्या होत्या. ऐकून घेतलं. त्या चिडल्या की नवऱ्याला आडनावानं बोलवतात. "मिस्टर टॉलिव्हर, पंचावन्न वर्षं मी म्हणतेय, बोला, काहीतरी बोला. डॉक्टरसमोर गप्प, पोरांसमोर गप्प. आणि आज तोंड फुटलं ते कुठं!" मग माझ्याकडं वळल्या. "आणि तू. तुझ्या बापाकडं असला मोबाइल नव्हता म्हणून तो बरा माणूस म्हणून गेला."

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की नुसता चिडून बसलो. पूर्ण व्हिडिओ टाकला, डावीकडच्या वळणासकट. बावीस सेकंदांचा खोटा तुकडा नऊशे लोकांनी पाहिला होता. पूर्ण चाळीस सेकंद चौदा जणांनी पाहिले, त्यांतले तीन मी. अटलांटाला फोन केला. रेन्फ्रोंच्या मुलाच्या वकिलाच्या ऑफिसातली बाई फार गोड बोलली. म्हणाली, तोंडी परवानगीची आमच्याकडं नोंद नाही, भाडेकरू ठरवतील ते. मी म्हणालो, बाईंनी स्वतःच्या ओसरीवर शब्द दिला होता. ती म्हणाली, ओसरी अजून आहे का? नाही, ओसरीही पाडली. मी क्लबच्या दोघांना दुकानात पकडून विचारलं. दोघंही म्हणाले, ओझेल भला माणूस आहे. दोघांनीही मान हलवली. दोघंही वायपर घेऊन गेले. भला माणूस आहे! हे म्हणायला काही लागत नाही, म्हणून सगळे म्हणतात.

मार्चमध्ये सशांचा हंगाम संपला. त्या आधीचे दोन शनिवार आम्ही चर्चमागच्या आठ एकरांत कुत्री सोडली. आठ एकरांत ससा गोल फिरू शकत नाही, रस्त्यावर जातो. दुसऱ्या शनिवारी डीकन लाकडाच्या ट्रकखाली येता येता वाचला. मिस्टर ओझेल यांनी कुत्री पेटीत घातली आणि पुन्हा सोडली नाहीत. आता सकाळी ती पिंजऱ्यात जाळीला नाक लावून बसतात. सिस्टर पिकअपचं इंजिन सुरू झालं की उठते, मिस लुरीन किराण्याला निघाल्यात हे कळलं की पुन्हा बसते. मिस ओडेसा दर रविवारी चर्चच्या पायरीवर मला विचारते, "ओझेल आजारी आहे का रे?" मी म्हणतो, नाही. ती म्हणते, "मग डबा का नाही आला? मी धुऊन दिला होता ना मागचा?" आणि तिला खरंच वाटतं, की डबा नीट धुतला गेला नसेल. एक्क्याण्णव वर्षांची बाई आपलं काय चुकलं ते शोधत बसली आहे, आणि वेड स्टॅलिंग्ज मक्याच्या पिंपांत मका भरतो आहे.

पण माझ्या अंगाचा खरा तिळपापड झाला तो एप्रिलमध्ये. क्ले आला. एकटा, वेडचा तोच मेहुणा. आम्ही पिंजरा धूत होतो. टोपी काढली, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "ते तुझं पिल्लू, ओझेल. विकणार का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"टेनेसीत माझा एक मित्र आहे," क्ले म्हणाला. "सशांच्या कुत्र्यांच्या स्पर्धा करतो. त्याला मी सांगितलं, पहिल्याच हंगामात चार हरणांतून निघून आलेली पोरगी आहे म्हणून. तो म्हणाला, मागेल ते दे."

ऐकलंत? म्हणजे ह्यांना माहीत होतं. त्याच दिवशी, त्याच जागी माहीत होतं, की ती कुत्री स्वच्छ आहेत. दोन पावलं गेली आणि परत आली म्हणजे काय, हे ह्या माणसाला आमच्याइतकंच कळत होतं. बुटाकडं बघत "ऐकलं" म्हणाला तेव्हाही कळत होतं. मी हातातला पाइप त्याच्या बुटांवर वळवणार होतो. वळवला नाही, कारण मिस्टर ओझेल हसत होते.

"नाही, मिस्टर क्ले," ते म्हणाले. "हरणावर जाणारी कुत्री आहे ती. अशी मी तुमच्या मित्राला कशी विकू? माझं नाव जाईल."

क्ले लाल झाला. कानापर्यंत. टोपी घालून गेला. मिस्टर ओझेल यांनी पाइप माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. "पाणी वाया चाललंय, प्रोफेसर."

त्या संध्याकाळी मी दुकानातून सार्डिनचा डबा घेऊन त्यांच्याकडं गेलो. मोहरीच्या रस्स्यातला, त्यांना आवडतो तो. दोन महिने झाले होते, आणि निदान एवढं तरी माझ्या अंगावरून उतरावं असं वाटत होतं. त्यांनी डबा हातात घेतला, उलटून पाहिला, आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हा कुठला?"

"तुमचा. त्या दिवशी मी खाल्ला होता तो."

"तो नंतरचा होता."

"हो, तोच."

"नंतरचा डबा कधी उघडतात?"

"कुत्री पेटीत परत आली की."

"कुठून?"

मी डबा हातात फिरवत राहिलो.

"मग ठेव तुझ्याकडंच," मिस्टर ओझेल म्हणाले आणि बटरबीनच्या कानातलं गोचीड काढायला बसले. "रेन्फ्रोवरून कुत्री मोजून पेटीत घातली, की मला दे. माझा एक डबा तू लागतोस. मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस."

डबा माझ्या गाडीत सीटखाली आहे. त्यावरची तारीख मी पाहिली, अजून तीन वर्षं टिकेल. रेन्फ्रोच्या फाटकाच्या वळणावर, जिथं आता नवं कुलूप आहे, तो एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकतो. त्याचा आवाज येतो. मी रोज त्याच रस्त्यानं कामाला जातो.